एर्टल विकली गेली म्हणून काकांचे ट्रॅक्टर कवडीमोल झाले का?

प्रश्न पुण्याहून आला आहे. विचारणाऱ्याचे काका अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, वॉटर्लूला, जॉन डिअरच्या ट्रॅक्टर कारखान्यात इंजिनिअर होते. ते गेले आणि त्यांचा एर्टलच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचा संग्रह पुतण्याच्या वाट्याला आला. सोबत एक वही आहे, त्यात प्रत्येक ट्रॅक्टर कुठून, कधी, केवढ्याला घेतला याची नोंद आहे. वहीत दोन ठिकाणी लाल शाईत लिहिलंय: १९९९, 'रेसिंग चॅम्पियन्सने घेतली', आणि २०११, 'टोमीने घेतली, आता संपलं'. पुतण्या विचारतो की काका एवढे का चिडले होते, २०११ नंतरच्या वस्तूंना काही किंमत आहे का, आणि सगळं विकून टाकावं की पुण्याला आणावं.

मी आयोवातच, डब्यूक शहराजवळ राहतो. शेतीची खेळणी दुरुस्त करणं आणि कुणाच्या मागे राहिलेल्या संग्रहाची किंमत ठरवून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे अशी लाल शाई मी अनेक घरांत पाहिली आहे. आधी उत्तर सांगतो. संग्रह कवडीमोल झालेला नाही. काकांचा राग खरा होता, पण त्यांनी तो ज्या दोन तारखांवर काढला आहे त्या तारखांनी फारसं काही ठरलेलं नाही. कंपनीचा मालक कोण यापेक्षा साचे कोणाकडे आहेत, ओतकाम कुठे होतं आणि पुढचा ट्रॅक्टर कुठला करायचा हे ठरवणारा माणूस शेती ओळखतो का, या तीन गोष्टींवर खेळण्याचा दर्जा ठरतो, आणि मागाहून किंमतही.

हे समजायला एर्टलची मालकी कशी फिरली ते पाहा. १९४५ मध्ये डब्यूकमधल्या फ्रेड एर्टल नावाच्या ओतकाम कारागिराने घराच्या तळघरात ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. युद्धाच्या विमानांचं अॅल्युमिनियम भंगारात मिळत होतं, ते वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं. रंगवणं आणि जोडणं घरातली माणसंच करायची. खऱ्या ट्रॅक्टर कंपन्यांकडून मूळ आराखडे मिळवून त्यांचा बरोबर सोळावा भाग, म्हणजे खऱ्याच्या एक-सोळांश मापाची प्रतिकृती करायची, ही त्याची खासियत. १९५९ मध्ये धंदा जवळच्या डायर्सव्हिल गावात गेला. आणि १९६७ मध्ये, म्हणजे काकांच्या पहिल्या लाल नोंदीच्या बत्तीस वर्षं आधी, एर्टल कुटुंबाने कंपनी विकलीही होती. घेणारी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर, बेरजेची यंत्रं बनवणारी शिकागोची कंपनी. पुढे व्हिक्टर किडीमध्ये विलीन झाली. किडीचं नाव अग्निशमनाच्या साहित्यासाठी प्रसिद्ध. १९८७ मध्ये किडी हॅन्सनने घेतली. हॅन्सन म्हणजे विटांपासून सिगारेटपर्यंत वाटेल ते पदरी असलेला ब्रिटिश समूह. १९९५ मध्ये हॅन्सनने आपल्या अमेरिकी कंपन्या यू. एस. इंडस्ट्रीज या नावाने वेगळ्या काढल्या, त्यात एर्टल गेली. मग १९९९ चे रेसिंग चॅम्पियन्स, ज्यांचा मुख्य धंदा शर्यतीच्या मोटारींच्या प्रतिकृतींचा. त्यांचंच नाव २००३ मध्ये आरसी२ झालं. आणि २०११ मध्ये जपानच्या टोमीने सुमारे ६४ कोटी डॉलर मोजून आरसी२ विकत घेतली.

आता तुमच्या काकांच्या कपाटातली सगळ्यात देखणी वस्तू कुठली असेल याचा अंदाज मी न बघता करतो: 'प्रेसिजन' मालिकेतला एखादा जॉन डिअर. इंजिनावरच्या वायरी वेगळ्या, सुकाणू फिरवलं की पुढची चाकं वळतात, सीटखालची स्प्रिंगसुद्धा दिसते. ही मालिका सुरू झाली नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे ज्याला जुने संग्राहक सुवर्णकाळ म्हणतात, त्या काळात एर्टल विटा आणि सिगारेटवाल्या समूहाच्या ताब्यात होती. लंडनच्या मालकांना ट्रॅक्टरमधलं कळत होतं म्हणून ते ट्रॅक्टर चांगले झाले नाहीत. वरच्या मालकाला डायर्सव्हिलकडून फक्त नफ्याचा आकडा हवा होता, आणि बाकी सगळं गावातल्या माणसांवर सोपवलेलं होतं, म्हणून ते चांगले झाले. साचा बनवणारा शेतकऱ्याचा मुलगा, मॉडेल निवडणारा शेतकऱ्याचा मुलगा, रंगकाम करणारी बाई सकाळी गाईंचं दूध काढून पाळीवर येणारी. आपलं काही चुकलं तर रविवारी चर्चबाहेर कुणीतरी अडवून सांगेल की तुम्ही मागच्या चाकाचे नट एक कमी दाखवलेत, हे त्या प्रत्येकाला माहीत होतं.

दर्जाची खरी राखण तिथे होत होती, आणि ती १९९९ किंवा २०११ च्या एखाद्या दिवशी संपली नाही. नव्वदच्या दशकात काम टप्प्याटप्प्याने गावाबाहेर जाऊ लागलं आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला ओतकाम चीनमध्ये गेलं. त्यासाठी कुठे घोषणा नव्हती, की वर्तमानपत्रात मोठा मथळा नव्हता. संपादनाची, म्हणजे एक कंपनी दुसरीने विकत घेण्याची, मात्र बातमी होते, तारीख असते, रक्कम असते. म्हणून राग तिथे जाऊन चिकटतो. हलवायाच्या दुकानात आचारी कधीच बदललेला असतो, पण गिऱ्हाइकं गल्ल्यावर नवा माणूस दिसला की भांडतात, तसं आहे हे.

चिनी कामगारांना यात दोष देऊ नये, हे मुद्दाम सांगतो, कारण इथे ते सर्रास ऐकू येतं. आज बाजारात असलेली उत्तमातली उत्तम शेती मॉडेलं चीनमध्येच ओतली जातात. तपशिलाच्या बाबतीत आजचं चांगलं मॉडेल १९७५ च्या डायर्सव्हिलच्या मॉडेलला सहज मागे टाकतं. तुटला तो दुवा वेगळा: आराखडा करणारा, ओतणारा आणि विकत घेणारा एकाच गावात असण्याचा. चूक दुरुस्त व्हायला पूर्वी एक आठवडा लागायचा. आता ती दिसेपर्यंत हजारो नग डब्यात गेलेले असतात.

आता काकांच्या रागाकडे येतो, कारण तो नुसत्या खेळण्याचा नव्हता. हा छंद जोमाने वाढला तो ऐंशीच्या दशकात, आणि आयोवासाठी ते दशक फार वाईट होतं. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत इथल्या शेतजमिनीचा भाव साठ टक्क्यांहून जास्त कोसळला. कर्ज काढून जमीन घेतलेल्यांचे लिलाव झाले. खऱ्या ट्रॅक्टर कंपन्याही त्याच झपाट्यात गेल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीविभाग १९८५ मध्ये केसच्या मालकांनी, टेनेकोने, घेतला आणि त्यांचा रॉक आयलंडचा फार्मॉल ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी अॅलिस-चामर्सचा ट्रॅक्टरचा धंदा जर्मनीच्या डॉइट्झकडे गेला. ज्याच्या तीन पिढ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या लाल ट्रॅक्टरवर गेल्या त्याला एके सकाळी कळलं की लाल ट्रॅक्टर बनवणारी कंपनी उरली नाही. शेत गेलं, ट्रॅक्टर लिलावात गेला, डीलरच्या दुकानाला कुलूप लागलं. त्या ट्रॅक्टरची एक वीतभर लांबीची, तंतोतंत आणि त्याच लाल रंगाची प्रतिकृती मात्र अजून विकत मिळत होती. डायर्सव्हिलमध्ये राष्ट्रीय फार्म टॉय संग्रहालय उघडलं ते १९८६ साली, या पडझडीच्या ऐन तळाशी. मला तो योगायोग वाटत नाही.

म्हणून एर्टलच्या विक्रीची बातमी आली की या माणसांना तो दुसरा लिलाव वाटतो. आधी खरा ट्रॅक्टर कुणीतरी लांबच्या शहरातल्या माणसाने कागदावर सही करून संपवला, आता त्याची आठवणही तसाच कुणीतरी घेऊन जातोय. २०११ च्या नोव्हेंबरात डायर्सव्हिलच्या शेतीच्या खेळण्यांच्या शोमध्ये मी हेच ऐकत होतो. गावच्या हायस्कूलच्या जिममध्ये घडीच्या टेबलांच्या रांगा, आणि जवळपास प्रत्येक टेबलामागे तीच चर्चा. एक मोठा गट म्हणत होता की जपानी कंपनीला लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंत रस आहे, सोळाव्या भागाची महागडी मॉडेलं ते हळूहळू बंद करतील. दुसरे म्हणत, आरसी२पेक्षा वाईट काय होणार? आणि काही शांतपणे शेल्फवरच्या जुन्या डब्यांच्या किमती वाढवून लिहीत होते.

दुसऱ्या गटाच्या म्हणण्यात तथ्य होतं. आरसी२च्या काळात शेतीची खेळणी हा एका मोठ्या कंपनीचा छोटा कोपरा होऊन बसला होता. त्यांनी २००३ मध्ये लाकडी थॉमस आगगाड्या बनवणारी लर्निंग कर्व्ह घेतली, २००४ मध्ये बाळांच्या वस्तू बनवणारी द फर्स्ट इयर्स घेतली. २००७ मध्ये त्या आगगाड्यांच्या रंगात शिसं सापडलं आणि सुमारे पंधरा लाख खेळणी परत मागवावी लागली. त्या धावपळीत वरच्या मंडळींचं लक्ष १९५० च्या ऑलिव्हर ट्रॅक्टरकडे असणं शक्यच नव्हतं. टोमी निदान मुळातून खेळण्यांची कंपनी आहे. १९२४ पासूनचा धंदा, १९७० पासून टोमिका या छोट्या डाय-कास्ट, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतलेल्या गाड्या. धातूचं ओतीव खेळणं म्हणजे काय हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. आरसी२ घेण्यामागे त्यांचा हेतू अमेरिकेतलं आणि युरोपातलं वितरणाचं जाळं मिळवण्याचा होता, हे मान्य. पण पहिल्या गटाची भीती जशीच्या तशी खरी झाली नाही. डब्यावर टोमीचं नाव आलं आणि सोळाव्या भागाचे ट्रॅक्टर, प्रौढ संग्राहकांसाठीची मॉडेलंसुद्धा, निघत राहिले. खरी ठरलेली तक्रार वेगळी आहे: वर्षाला निघणारी मॉडेलं अधिकाधिक एकाच रंगाची होत गेली. हिरव्या रंगाला, म्हणजे जॉन डिअरला, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त, म्हणून हिरव्याला प्राधान्य. मिनिआपोलिस-मोलाइन किंवा कॉकशट अशा जुन्या ट्रॅक्टर कंपन्यांच्या चाहत्याला इतरत्र बघावं लागतं.

आणि इतरत्र बघायची सोय आहे, हे या गोष्टीतलं सगळ्यात आनंदाचं पान. फ्रेड एर्टलचा मुलगा जोसेफ याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याच डायर्सव्हिलमध्ये स्केल मॉडेल्स ही स्वतःची कंपनी काढली. स्पेककास्टही त्याच गावात आहे. चार हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात शेतीची खेळणी बनवणाऱ्या तीन-तीन कंपन्या, कारण कौशल्य माणसांच्या हातात होतं आणि माणसं गाव सोडून गेली नाहीत. मोठ्या कंपनीने ज्याला हात लावला नाही ते मॉडेल धाकट्या कंपन्यांनी काढलं. संपादनाच्या बातमीवर कुणी फार हळहळलं की मी एवढंच विचारतो: त्या गावातले साचेवाले सध्या कुठे काम करताहेत?

ब्रिटनमधलं उदाहरण याहून बोलकं आहे, आणि काकांच्या संग्रहात बत्तिसाव्या भागाचे काही छोटे ट्रॅक्टर असले तर तुम्हाला ते उपयोगीही पडेल. लंडनचं ब्रिटन कुटुंब १८४५ पासून खेळणी बनवत होतं. १८९३ मध्ये त्यांनी शिशाचे पोकळ सैनिक ओतायची पद्धत काढली. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना लढाईची खेळणी नकोशी झाली तेव्हा त्यांनी शेत काढलं: गाई, डुकरं, नांगर, गवळण, कुंपण. तिथून ब्रिटन्सची शेती सुरू झाली. कुटुंबाने १९८४ मध्ये कंपनी डॉब्सन पार्क या उद्योगसमूहाला विकली, आणि १९९७ मध्ये ती घेतली कुणी, तर एर्टलने. म्हणजे ज्या डायर्सव्हिलला १९९९ आणि २०११ मध्ये आपण बळी गेलो असं वाटलं, तेच डायर्सव्हिल १९९७ मध्ये इंग्लंडच्या संग्राहकांच्या लेखी परका सावकार होतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी 'अमेरिकनांनी वाट लावली' हे वाक्य अजून असतं. इथल्या माणसांना मी ते सांगतो तेव्हा ती खरोखर चकित होतात.

पुढे २००५ मध्ये ब्रिटन्सचे दोन तुकडे झाले. सैनिकांची शाखा फर्स्ट गिअर या कंपनीने घेतली, शेतीची शाखा आरसी२कडे राहिली आणि तिच्याबरोबर टोमीकडे गेली. फर्स्ट गिअर आहे पिओस्टा गावात, डब्यूक परगण्यातच, डायर्सव्हिलहून गाडीने थोड्या वेळाच्या अंतरावर. एक नाव, दोन मालक. सैनिकांचे संग्राहक एकंदरीत समाधानी राहिले, कारण घेणारी कंपनी लहान होती आणि तिला फक्त तेवढंच करायचं होतं. शेतीच्या बाजूला तक्रारी वाढल्या: प्लॅस्टिक जास्त, बारकावे कमी, लहान मुलांच्या हातात टिकेल असं बनवण्यावर भर. त्याच सुमाराला युनिव्हर्सल हॉबीज या दुसऱ्या कंपनीने बत्तिसाव्या भागात अतिशय बारकाव्याची मॉडेलं आणली आणि प्रौढ गिऱ्हाईक तिकडे वळलं. ब्रिटन्सने मुलांचं खेळणं राहायचं ठरवलं, हे मला चुकीचं वाटत नाही. शेतातल्या पोराने अंगणात चिखलातून ओढण्यासाठी कुणीतरी ट्रॅक्टर बनवायला हवाच.

संपादन चांगलंही होऊ शकतं. जर्मनीत सीकू नावाची खेळण्यातली वाहनं बनवणाऱ्या झीपर कंपनीने १९८४ मध्ये विकिंग ही प्रतिकृतींची जुनी कंपनी घेतली. आज झीपर मुलांसाठी सीकू काढते आणि संग्राहकांसाठी बत्तिसाव्या भागात विकिंग. विकिंगची शेती मॉडेलं त्या घराच्या हातात गेल्यावर वाढली, कमी झाली नाहीत. फरक एवढाच की घेणाऱ्याने आपण हे का घेतोय हे ठरवलेलं होतं आणि दोन्ही गिऱ्हाइकांना वेगळी वस्तू दिली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा राग परका वाटू नये. आपल्याकडे जुनी माणसं अजून 'इंटरनॅशनल' म्हणतात तो ट्रॅक्टर महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत, १९६३ मध्ये काढलेल्या कंपनीतून मुंबईत बनवला: बी-२७५. मूळ कंपनी अमेरिकेत संपली, तिचं लेकरू इथे मोठं झालं. पुण्याजवळ सणसवाडीला डिअरचा कारखाना एल अँड टीच्या जोडीने सुरू झाला आणि २००५ मध्ये एकट्या डिअरचा झाला. तिथल्या जुन्या कामगारांना विचारा, पाटी बदलल्याचा दिवस आठवतो का. आठवतो.

आता तुमच्या कपाटाकडे.

इथला जाणता म्हातारा शेतकरी शोमध्ये ट्रॅक्टर उचलतो तेव्हा आधी तो उलटा करतो. रंग नंतर बघतो. तुम्हीही तसंच करा. पोटाखाली अक्षरं कोरलेली असतील: एर्टल, डायर्सव्हिल, आयोवा, आणि देशाचं नाव. नीट वाचा, कारण डब्यावर डायर्सव्हिलचा पत्ता चीनमध्ये ओतलेल्या मालावरही असतो. तो कंपनीचा पत्ता आहे. कुठे बनलं हे सांगणारी ओळ वेगळी असते. मग चाकांच्या आसांची टोकं बघा. कारखान्यात आसाची टोकं ठोकून पसरवलेली असतात आणि गाडी रंगवल्यानंतर चाकं बसवलेली असतात, म्हणून त्या टोकांवर अंगाचा रंग नसावा. टोकांवर हिरवा किंवा लाल रंग दिसला, किंवा टोकाजागी स्क्रू दिसला, तर ट्रॅक्टर कुणीतरी खोलून पुन्हा रंगवला आहे. त्यात पाप नाही, मी स्वतः रोज तेच करतो, पण मूळ रंगाचा खरवडलेला ट्रॅक्टर पुन्हा रंगवलेल्या चकचकीत ट्रॅक्टरपेक्षा जवळजवळ नेहमी जास्त मोलाचा. शेवटी बॉनेटच्या बाजूची अक्षरं नखाने हलकेच चाचपून पाहा. जुन्या स्टिकरला कड लागते आणि ती पिवळी पडलेली असते. नंतरच्या काळात अक्षरं थेट छापली जाऊ लागली, तिथे कड लागत नाही. पन्नास सालच्या ट्रॅक्टरवर छापील अक्षरं असतील तर काहीतरी गडबड आहे.

तुमच्या वारशात साधारण तीन थर असतील. चाळीस-पन्नासच्या दशकातले वाळूच्या साच्यातले अॅल्युमिनियमचे आणि सुरुवातीचे डाय-कास्ट. हे असलेच तर थोडे असतील आणि एकेक वेगळा दाखवून किंमत करून घ्यायचा. मग साठ ते नव्वदच्या दशकातले, डायर्सव्हिलमध्ये ओतलेले. संग्रहाचा कणा हा असतो. आणि त्यापुढचे चिनी ओतकामाचे, ज्यात १९९९ आणि २०११ नंतरचे सगळे आले. हा शेवटचा थर काकांच्या लाल शाईमुळे फेकून देऊ नका. त्यातली प्रौढांसाठीची बारकाव्याची मॉडेलं, डब्यातून न काढलेली असतील तर, चांगली विकली जातात. उलट डब्यावर 'कलेक्टर एडिशन' छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका. नव्वदच्या दशकात ते शब्द हजारोंनी काढलेल्या नगांवर छापले जात होते, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने ते जपून ठेवले, त्यामुळे आज ते सगळे जसेच्या तसे उपलब्ध आहेत. दुर्मीळ ते होतं जे मुलांनी खेळून मोडलं.

संपादनाने भाव वर गेला का, हेही तुमच्या मनात असेल. बातमीच्या आठवड्यात थोडी उसळी येते, लोक घाबरून घेतात, मग ती ओसरते. भाव ठरतो तो विकत घेणाऱ्याच्या वयाने. ज्याने लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून जो ट्रॅक्टर चालवला तो ट्रॅक्टर तो पन्नाशीत विकत घेतो. जॉन डिअर ४०२० किंवा इंटरनॅशनल १०६६ वर वाढलेली माणसं आज खरेदीच्या वयात आहेत; त्याआधीच्या पिढीचे संग्रह मात्र, तुमच्या काकांसारखे, एकामागून एक बाजारात येताहेत. सर्वसाधारण जुन्या मालाचा भाव त्यामुळे दबलेला आहे. म्हणून घाईने सगळं एका व्यापाऱ्याला ठोक भावात देऊ नका. तो किंमत करतो ती संग्रहातल्या सगळ्यात सामान्य वस्तूला धरून.

वही कोणत्याही परिस्थितीत संग्रहाबरोबर राहू द्या. कुठून घेतला, कधी घेतला हे हस्ताक्षरात लिहिलेलं असेल तर खरेपणाचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. विक्री करायची असेल तर वहीतल्या नोंदींची नक्कल त्या-त्या वस्तूला जोडून द्या. डायर्सव्हिलला दर नोव्हेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय शो भरतो आणि शोसाठी दर वर्षी खास मॉडेल निघतं. काकांकडे त्यांची सलग वर्षांची रांग असली तर ती तोडू नका, एकत्रच विका.

सगळंच्या सगळं पुण्याला आणायचा विचार असेल तर आधी कस्टम एजंटशी बोला. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलं गेलं, आणि जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा आहे. वारसा म्हणून आलेल्या जुन्या वस्तूंना आज नेमकं काय लागू होतं हे एजंटकडून लेखी घ्या, मगच कंटेनरमध्ये जागा घ्या. माझा सल्ला असा की मोठा भाग इथेच, याच परिसरातल्या फार्म टॉयच्या लिलावात विकावा. गिऱ्हाईक इथे आहे. काकांनी वॉटर्लूच्या कारखान्यात जे ट्रॅक्टर बनताना पाहिले त्यांच्या प्रतिकृती बाजूला काढा आणि तेवढ्या घरी न्या. वहीवरून त्या ओळखता येतील.

नेलेल्या वस्तू पुण्याच्या पावसाळ्यात कशा ठेवायच्या तेही सांगतो. डबे जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी आणि ओल दोन्ही पुठ्ठ्यावर आधी येतात. ट्रॅक्टर स्पंजमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका; स्पंज विरघळून रंगाला चिकटतो. मऊ टायर प्लॅस्टिकच्या रिमवर असतील तर उष्णतेत टायरमधला तेलकट अंश रिम खातो, म्हणून असे नग उन्हाच्या खोलीत नकोत आणि एकमेकांना टेकलेले तर नकोतच. ओतीव धातूवर केसासारख्या बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर तो मिश्रधातूतला दोष आहे, गंज नाही. त्याला औषध नाही. फोटो काढून ठेवा, हाताळू नका. धूळ मऊ ब्रशने झटका. पाण्याचा हात स्टिकरला लावायचा नाही.

तीनही थरांतल्या काही वस्तूंचे पोटाखालचे, आसांच्या टोकांचे आणि डब्याच्या चारी बाजूंचे फोटो काढून पाठवा. त्यावरून बरंच सांगता येईल.